डोळे न शिणवणारी स्क्रीन आणि सॉफ्टवेअर कसं शोधायचं?

काही वर्षांपूर्वी मी जुना लॅपटॉप बाजूला ठेवून नवा घेतला. स्क्रीन जुन्यापेक्षा उजळ, अक्षरं रेखीव, रंग सुरेख. पण वीस मिनिटांत दोन्ही भुवयांच्या मध्ये ठणका लागायचा आणि तासाभरात डोळे इतके जड व्हायचे की एकच ओळ दोनदा वाचावी लागायची. चष्म्याचा नंबर तपासून घेतला, तो बरोबर निघाला. शेवटी वैतागून जुना लॅपटॉप उघडला, दिवसभर त्यावर काम केलं आणि संध्याकाळी लक्षात आलं की आज काहीच दुखलं नाही. काम तेच, तास तेवढेच, खुर्चीही तीच. फरक फक्त यंत्रात होता.

हा फरक शोधून काढता येतो. मात्र स्क्रीनच्या मागचा दिवा, पॅनेल, ग्राफिक्स कार्ड, ऑपरेटिंग सिस्टिम, फॉन्ट, खोलीतला उजेड अशी ती लांब साखळी असते आणि त्रास यातल्या कोणत्याही कडीतून येऊ शकतो. म्हणून या सगळ्या खटाटोपाचा एकच नियम आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन सेटिंग एकदम बदलली आणि बरं वाटलं, तर कशामुळे वाटलं हे कधीच कळत नाही.

पायरी १: आधी डोळे दाखवून घ्या

नेत्रतज्ज्ञांना स्क्रीनचं तुमचं अंतर सांगा, साधारण ५० ते ७० सेंटिमीटर. वाचनाचा चष्मा याहून जवळच्या अंतरासाठी असतो, त्यामुळे चाळिशीनंतर अनेकांना संगणकासाठी वेगळा नंबर लागतो. प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत वर दूरचा, खाली जवळचा नंबर) असेल तर हनुवटी वर करून पाहावं लागतं आणि मान धरते. अशा वेळी मॉनिटर खाली घ्यावा. डोळ्यांचा कोरडेपणाही तपासायला सांगा. स्क्रीनकडे बघताना आपण नेहमीपेक्षा खूप कमी वेळा पापणी मिटतो, आणि नुसती चुरचुर असेल तर बऱ्याचदा मूळ तिथेच असतं.

पायरी २: जी स्क्रीन चालते, ती हातची सोडू नका

ज्या यंत्रावर त्रास होत नाही ते विकू नका, कुणाला देऊ नका, आणि त्याची सिस्टिम अपडेट करायचीही घाई करू नका. तीच तुमची मोजपट्टी. नव्या स्क्रीनवर दोन तास काम करा, मग जुन्यावर दोन तास, आणि वहीत तीन गोष्टी टिपा: त्रास किती मिनिटांनी सुरू झाला, नेमका कुठे झाला, आणि उतरायला किती वेळ लागला. चुरचुर, डोळ्यांमागचं दुखणं आणि मळमळ यांची कारणं वेगवेगळी असू शकतात, म्हणून नुसतं ‘त्रास झाला’ एवढं लिहून भागत नाही.

तुमच्याकडे एखादा बिनत्रासाचा मॉनिटर असेल तर एक सोपी फोड करता येते. नव्या लॅपटॉपला तो जोडा आणि लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन बंद ठेवा. तरीही दुखलं तर संशय ग्राफिक्स आणि सॉफ्टवेअरवर. थांबलं तर लॅपटॉपच्या पॅनेलवर किंवा दिव्यावर.

पायरी ३: न दिसणारी लुकलुक पकडा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. अनेक स्क्रीनचा ब्राइटनेस कमी केला की मागचा एलईडी दिवा खरोखर मंद होत नाही. तो सेकंदाला शेकडो वेळा पूर्ण पेटतो आणि पूर्ण विझतो. विझलेला वेळ वाढवला की आपल्याला उजेड कमी झाल्यासारखा वाटतो. या पद्धतीला पीडब्ल्यूएम म्हणतात. लॅपटॉप आणि फोनच्या अनेक ओएलईडी पडद्यांत (यांत मागे दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) हा वेग २४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २४० वेळांच्या, आसपास असतो. एवढ्या वेगाची लुकलुक डोळ्यांना जाणवत नाही, पण जाणवत नाही म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये अर्नोल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी कार्यालयातल्या ट्यूबलाइटवर अभ्यास केला होता. सेकंदाला १०० वेळा लुकलुकणाऱ्या नळ्यांच्या जागी उच्च वारंवारतेवर चालणाऱ्या नळ्या आल्यावर डोकेदुखी आणि डोळ्यांच्या ताणाचं सरासरी प्रमाण निम्म्याहून खाली आलं. त्या १०० हर्ट्झची लुकलुकही डोळ्यांना सहसा कळत नाही.

घरच्या घरी तपासायला एक पेन्सिल पुरते. खोलीत अंधार करा, स्क्रीनवर कोरं पांढरं पान पूर्ण पसरा आणि ब्राइटनेस ३० टक्क्यांवर आणा. पेन्सिल स्क्रीनसमोर आडवी भराभर हलवा आणि नजर स्क्रीनच्या मध्यावर स्थिर ठेवा, पेन्सिलीच्या मागे जाऊ देऊ नका. दिवा सलग पेटत असेल तर पेन्सिलीचा एकसंध धुरकट पट्टा दिसतो. लुकलुकत असेल तर उघडलेल्या हातपंख्याच्या काड्यांसारख्या सुट्या सुट्या पेन्सिली दिसतात. मी माझ्या नव्या लॅपटॉपवर हे केलं तेव्हा काड्या इतक्या स्पष्ट होत्या की मोजता आल्या असत्या. जुन्यावर नुसती राखाडी सावली.

पेन्सिलीने समाधान झालं नाही तर फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड उघडा, शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान करा आणि त्याच पांढऱ्या पानावर रोखा. आडवे काळे पट्टे सरकताना दिसले तर लुकलुक आहे. पट्टे मोजके आणि रुंद असतील तर तिचा वेग कमी. बारीक आणि दाट असतील तर जास्त. ही तपासणी १००, ५० आणि १० टक्के ब्राइटनेसवर वेगवेगळी करा, कारण काही स्क्रीन ठरावीक पातळीच्या वर स्वच्छ असतात आणि त्याखाली गेल्यावरच लुकलुकू लागतात.

वेग किती असला म्हणजे बरा? आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या, एलईडी दिव्यांसाठीच्या १७८९-२०१५ या शिफारशींप्रमाणे दिवा पूर्ण पेटत-विझत असेल तर १२५० हर्ट्झच्या वर धोका कमी आणि ३००० हर्ट्झच्या वर परिणाम जवळजवळ नाहीच, असा हिशेब निघतो. २४० त्यापासून फार दूर आहे. सर्वांत चांगली ती स्क्रीन, जी दिव्याचा प्रवाहच कमी-जास्त करून उजेड बदलते. या पद्धतीला डीसी डिमिंग म्हणतात.

आहे त्याच लुकलुकत्या स्क्रीनवर काम करणं भाग असेल तर तिचा ब्राइटनेस वरच ठेवा, खोलीतला उजेड वाढवा आणि जास्तीची चमक सॉफ्टवेअरने उतरवा. आयफोनमध्ये यासाठी ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’ हा पर्याय आहे. संगणकासाठी पडद्यावर पातळ काळी छटा चढवणारे छोटे प्रोग्रॅम मिळतात. काळा-पांढरा फरक थोडा कमी होतो, पण दिवा विझत नाही.

पायरी ४: रंगांची थरथर

लुकलुक नसूनही त्रास होत असेल तर डिदरिंगकडे पाहा. स्वस्त पॅनेलला प्रत्येक मूळ रंगाच्या ६४ च छटा दाखवता येतात, म्हणजे एकूण २,६२,१४४ रंग. जाहिरातीतले १ कोटी ६७ लाख रंग भासवण्यासाठी एकेक ठिपका दोन जवळच्या छटांमध्ये सतत आलटून पालटून बदलत राहतो. हेच काम काही वेळा ग्राफिक्स कार्डही करतं, पॅनेल उत्तम असलं तरी. बहुतेकांना याचं काही वाटत नाही. ज्यांना त्रास होतो ते सांगतात की नजर मजकुरावर नीट ठरतच नाही.

उपाय दोन. मॉनिटर घेताना ‘६ बिट + एफआरसी’ (६४ छटा आणि वर ही आलटापालट) टाळून खरा ८ बिट (२५६ छटांचा) पॅनेल निवडायचा. आणि ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंगांची खोली ८ बिट आणि १० बिट अशी बदलून, दोन्हींवर एकेक दिवस काम करून पाहायचं. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकमध्ये डिदरिंग बंद करण्यासाठी स्टिलकलर नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम आहे.

पायरी ५: अक्षरं

देवनागरी वाचणाऱ्यांसाठी माझी एक ठरलेली कसोटी आहे. नेहमीच्या आकारात ‘घर, धर, भर, मर, किंवा’ एवढंच टाइप करा आणि नेहमीच्या अंतरावरून वाचा. घ आणि ध, भ आणि म ओळखताना किंचितही थांबावं लागलं, किंवा ‘किंवा’वरचा अनुस्वार वेलांटीत मिसळला, तर अक्षरं तुमच्यासाठी लहान किंवा धूसर आहेत. रोमन लिपीला पुरणारा आकार देवनागरीला अनेकदा पुरत नाही. वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, सगळं त्याच उंचीत बसवायचं असतं. ब्राउझरचा झूम १२५ टक्के करायला संकोच बाळगू नका.

२४ इंची फुल एचडी मॉनिटरवर इंचाला सुमारे ९२ ठिपके असतात, २७ इंची फोर-के वर १६३. मजकूरच वाचायचा असेल तर दुसऱ्यासाठी जास्त खर्च केलेला मला पटतो. विंडोजमध्ये अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणाऱ्या ‘क्लिअरटाइप’चं ट्यूनर एकदा चालवा आणि त्यातला स्वतःच्या डोळ्यांना पटणारा नमुना निवडा. मॅकमध्ये २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून अशा प्रकारचं अक्षर-रेखाटन मुळात बंद असतं, म्हणून कमी ठिपक्यांचा मॉनिटर जोडला की अक्षरं विस्कटलेली दिसतात. काही ओएलईडी मॉनिटरवर अक्षरांच्या कडांना हिरवी-जांभळी झाक येते. तिथे ठिपक्यांची मांडणीच वेगळी असते, तुमच्या चष्म्याचा त्यात दोष नाही.

पायरी ६: कागदाची कसोटी

स्क्रीनवर कोरं पान उघडा आणि शेजारी पांढरा कागद धरा. स्क्रीन दिव्यासारखी झळकत असेल तर ब्राइटनेस जास्त, कागदापेक्षा मळकट दिसत असेल तर कमी. ५०० लक्स (लक्स हे खोलीतल्या उजेडाचं माप) उजेडात पांढऱ्या कागदाची चमक १२५ निट्सच्या (निट्स हे पडद्याच्या चमकेचं माप) आसपास येते. मॉनिटर मात्र खोक्यातून बाहेर येताना बरेचदा याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त चमकत असतो. खिडकी स्क्रीनच्या मागे किंवा तुमच्या पाठीमागे नको, बाजूला असावी.

डार्क मोड सगळ्यांना मानवत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर बाहुली मोठी होते, आणि ॲस्टिग्मॅटिझम (चष्म्यात सिलिंडरचा नंबर) असेल तर पांढरी अक्षरं पसरल्यासारखी दिसतात. उजेडात काम करताना फिक्या राखाडी पार्श्वभूमीवर काळी अक्षरं, हा मला सर्वांत शांत पर्याय वाटतो. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यावर पैसे घालवू नका. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) अशा काचांमुळे डोळ्यांच्या ताणात फरक पडल्याचं दिसलं नाही. रात्री स्क्रीन पिवळसर केल्याने बरं वाटत असेल तर जरूर करा, ते फुकट आहे.

पायरी ७: आपोआप बदलणारं सगळं बंद करा

विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ‘चेंज ब्राइटनेस बेस्ड ऑन कंटेंट’ असं असतं. पांढऱ्या पानावरून गडद पानावर गेलात की ते गुपचूप उजेड हलवतं, आणि बाहुली दिवसभर त्याच्यामागे धावत राहते. ते बंद करा. इंटेलच्या सेटिंगमधलं ‘डिस्प्ले पॉवर सेव्हिंग’, एएमडीचं ‘व्हेरी-ब्राइट’, मॅकचं ‘ट्रू टोन’ आणि आपोआप ब्राइटनेस हेही एकेक करून बंद करून पाहा. ‘रिड्यूस मोशन’ मात्र चालू करा. सरकणाऱ्या, झेपावणाऱ्या खिडक्यांनी ज्यांना मळमळतं त्यांना लगेच फरक कळतो.

पायरी ८: नवी स्क्रीन घेताना

दुकानात लखलखाट असतो आणि प्रत्येक स्क्रीन पूर्ण ब्राइटनेसवर लावलेली असते, म्हणजे लुकलुक लपायला अगदी योग्य जागा. परवानगी घेऊन ब्राइटनेस ३० टक्क्यांवर आणा आणि पेन्सिल किंवा फोन वापरा. घरून निघण्याआधी नोटबुकचेक किंवा आरटिंग्जसारख्या संकेतस्थळांवर त्या मॉडेलची मोजमापं पाहा. नोटबुकचेक लॅपटॉपच्या पीडब्ल्यूएमची वारंवारता मोजून देतं. टीयूव्ही राइनलँड या जर्मन तपासणी संस्थेचं ‘फ्लिकर-फ्री’ (लुकलुक नाही) प्रमाणपत्र असेल तर ती चांगली सुरुवात आहे, पण ते डिदरिंगबद्दल किंवा अक्षरांबद्दल काही सांगत नाही. शिवाय एकाच मॉडेलच्या नावाखाली वेगवेगळ्या कंपन्यांचे पॅनेल बसवलेले असू शकतात, म्हणून मित्राला मानवलेला लॅपटॉप तुम्हालाही मानवेल असं धरून चालू नका.

परत करण्याची मुदत लेखी घ्या आणि ती संपेपर्यंत खोकं जपून ठेवा. पहिल्या दिवशी चित्रपट पाहू नका. स्वतःचं रोजचं वाचन-लेखन, स्वतःच्या ब्राइटनेसवर, सलग दोन तास करा. पहिल्या दिवशीचं दुखणं सवयीने जाईल म्हणून थांबत बसू नका. तीन दिवस ओळीने वहीत तीच तक्रार आली तर स्क्रीन परत करा.

सगळं करूनही उजळणाऱ्या पडद्याचाच त्रास होत असेल तर ई-इंकचे मॉनिटर आहेत. ते स्वतः प्रकाश टाकत नाहीत, कागदासारखे खोलीतल्या उजेडात वाचता येतात. हलती चित्रं त्यावर धड दिसत नाहीत, माउसही मागे रेंगाळतो आणि किंमत भरपूर असते. पण ज्याचं सारं काम मजकुराचं आहे आणि दुसरं काहीच चालत नाही, त्याला त्यावर पुन्हा दिवसभर लिहिता येतं.