पिकअप पुढून बसली? उचलण्याआधी या चुका टाळा

कापसाचा हंगाम लागला की गॅरेजांसमोर नाक खाली घातलेल्या जुन्या पिकअप उभ्या दिसतात. पांदणीत पुढचं चाक खड्ड्यात गेलं की खालून धाडकन आवाज येतो, वळताना टायर आतून घासतो. मग मालक वैतागून म्हणतो, "भाऊ, पुढून दोन इंच उचलून द्या." गाडी उचलून मिळतेही. पण ती का बसली हे कोणी पाहिलेलं नसतं. चार महिन्यांत पुढचे टायर एका कडेने झिजतात, स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागतं आणि खर्च दुप्पट होतो. माझं सांगणं एवढंच आहे की आधी कारण शोधा, आणि गाडी कंपनीने दिलेल्या उंचीवर आणा, त्याच्या वर नेऊ नका.

बसलेली नसताना उचलणं

रिकामी पिकअप मागून थोडी उंच आणि पुढून खाली दिसते. तिची बनावटच तशी असते. मागे माल पडला की मागची बाजू दबते आणि गाडी सरळ होते. रिकाम्या गाडीकडे पाहून पुढचं नाक उचललं, तर संत्र्याचे कॅरेट भरल्यावर ते आभाळाकडे बघतं. पुढच्या चाकांवरचा भार घटतो, स्टिअरिंग हलकं लागतं आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना पुढची पकड कमी पडते.

म्हणून आधी टेप घ्या. सपाट फरशीवर रिकामी गाडी उभी करा, चारही टायरांत बरोबर हवा भरा, बोनेट दोन-तीनदा दाबून सोडा. मग चाकाच्या मधोमधपासून वर फेंडरच्या कडेपर्यंत माप घ्या. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज आणि हवा त्यात घोळ करतात. गावात त्याच मॉडेलची, बऱ्या अवस्थेतली दुसरी गाडी असेल तर तिचंही माप घ्या. चासी आणि अ‍ॅक्सलच्या मधलं रबर पाहा. ते मधोमध चकचकीत झालं असेल किंवा फुटलं असेल, तर गाडी खरंच खाली आपटते आहे.

डावं-उजवं माप वेगळं आलं तर मागचेही दोन्ही कोपरे मोजा. मागच्या कमानीचा (एकावर एक रचलेल्या पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) एखादा पट्टा तुटला की गाडी तिरकी होते आणि त्याच बाजूचं पुढचं चाक बसल्यासारखं दिसतं. दोष मागे असतो, पैसे पुढे खर्च होतात.

शॉकअप बदलून गाडी वर येईल ही आशा

"शॉकअप टाकून द्या, गाडी उभी होते," हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यात माणसाचे पैसे जातात आणि गाडी एक सूतही वर येत नाही. गाडीचं वजन कमानी, स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी कांब) पेलतो. शॉकअपचं काम फक्त उसळी जिरवण्याचं. गळका शॉकअप बदलायलाच हवा, त्याच्यामुळे गाडी झुलते आणि टायर उड्या मारतो. पण उंचीशी त्याचा संबंध नाही.

खाली न वाकता उपाय ठरवणं

जुन्या पिकअपमध्ये पुढे तीनपैकी एक व्यवस्था असते: सरळ अ‍ॅक्सलवर कमानपट्टे, चाक धरणाऱ्या दोन आर्मच्या मध्ये कॉइल स्प्रिंग, नाहीतर चासीच्या बाजूने मागे जाणारा जाड टॉर्शन बार. शेजाऱ्याच्या गाडीला जे चाललं ते तुमच्या गाडीला चालेलच असं नाही.

कमानपट्ट्यांची गाडी असेल तर तडा शोधायला वेळ द्या. पट्टा बऱ्याचदा कमान अ‍ॅक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टच्या खाली, सगळे पट्टे मधोमध जोडणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकाजवळ तुटतो, आणि आपली काळी माती तिथेच घट्ट चिकटून बसते. ती खरवडून काढा, तारेच्या ब्रशने घासा, डिझेलच्या फडक्याने पुसा आणि टॉर्च तिरका धरा. तडा असेल तिथे तांबूस गंजाची केसाएवढी रेघ दिसते. सेंटर बोल्ट तुटला असेल तर अ‍ॅक्सल पुढे-मागे सरकतो. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधोमधचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजलं की ते कळतं. शॅकलची (कमानीचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या कडीची) पिन, बुश (सांध्यातली रबरी किंवा पितळी नळी) आणि कमान जिथे चासीला धरलेली असते तो ब्रॅकेटही तपासा. चासीच भेगाळली असेल तर नवी कमानही तिरकीच बसेल.

तुटलेल्या पट्ट्याला वेल्डिंग मारू नका. पट्टा स्प्रिंगच्या पोलादाचा असतो, पाणी देऊन आणि पुन्हा ठराविक तापवून त्यात लवचिकपणा आणलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो जातो आणि पट्टा जोडाच्या शेजारीच पुन्हा तुटतो, तोही भरल्या गाडीत. गॅसने लाल करून वाकवलेल्या पट्ट्याचंही तेच. कमानीचा जाणकार कारागीर थंड पट्ट्यावर घण मारून बाक परत आणतो, ते काम चांगलं असतं, पण थकलेला पट्टा काही काळाने पुन्हा बसतोच. गाडी रोज भाड्यावर चालत असेल तर दोन्ही बाजूंचे नवे सेट टाकणं शेवटी स्वस्त पडतं. एकाच बाजूला टाकू नका.

जास्तीचा पट्टा घालतानाही तारतम्य हवं. एक योग्य लांबीचा पट्टा चालतो. दोन-तीन जाड पट्टे ठोकले की कमान वाकायची थांबते आणि खड्ड्याचा प्रत्येक दणका थेट चासीला जातो. लांब शॅकलचा जुगाड तर टाळाच. शॅकल दोन इंच लांबवलं तर गाडी जेमतेम एक इंच उचलते. शिवाय कमानीचा कोन बदलून अ‍ॅक्सल फिरतो. शॅकल कमानीच्या पुढच्या टोकाला असेल तर त्यामुळे स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ होत नाही आणि हायवेवर गाडी भरकटते.

टॉर्शन बारचा बोल्ट मनाला येईल तितका पिळणं

हा बोल्ट पिळला की गाडी लगेच वर येते, म्हणून मोह होतो. पण बोल्टने बार कडक होत नाही, फक्त आर्मची जागा बदलते. जास्त पिळलं की आर्मला खाली उतरायला वाट उरत नाही. चाक खड्ड्यात उतरताना तो थेट स्टॉपवर आदळतो आणि बॉल जॉइंट लवकर जातात. आधी बोल्टवर रंगाची खूण करा. जॅक चासीला लावून चाक लोंबतं ठेवा, म्हणजे बोल्टवरचा ताण कमी होतो. अर्धा-अर्धा फेरा द्या, गाडी खाली उतरवा, थोडी पुढे-मागे ढकला, मग मोजा. चाक नुकतं खाली टेकल्यावर घेतलेलं माप खोटं असतं.

बार काढलाच तर डावा-उजवा बदलू देऊ नका. दोघांना पीळ वेगवेगळ्या दिशेचा दिलेला असतो आणि त्यावर खूण असते. बारवर छिन्नीचा ओरखडाही नको, तडा तिथूनच सुरू होतो.

कॉइल स्प्रिंगच्या फटीत रबराचे गुटके घालायची पद्धतही आहे. गुटका बसलेलं वेटोळं काम करायचं थांबतं, सगळा ताण शेजारच्या वेटोळ्यावर येतो आणि स्प्रिंग तुटते. आणि ही स्प्रिंग घरी, दोरी-तारेने बांधून काढायला जाऊ नका. दबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मरू शकतो. ते काम स्प्रिंग दाबून धरायचा कंप्रेसर असलेल्या गॅरेजचंच.

चाक हवेत असताना बुशचे बोल्ट आवळणं

ही चूक चांगले मिस्त्रीही घाईत करतात. रबरी बुशच्या आतली नळी बोल्टने जखडली जाते आणि बाहेरचा भाग आर्मसोबत हलतो, मधलं रबर पीळ खातं. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला तर रबराची विश्रांतीची जागा तीच ठरते. गाडी खाली उतरली की रबर कायम पिळलेलं राहतं. सुरुवातीला गाडी थोडी उंचही दिसते आणि मालक खूश होतो. मग रबर फाटतं, खडखड सुरू होते आणि गाडी पुन्हा बसते. म्हणून बोल्ट आधी हातानेच लावा, गाडी चारही चाकांवर उभी करून हलवा, मगच आवळा. ग्रीस लावायच्या पितळी बुशला हा नियम नाही, रबराला आहे.

जॅकखाली वीट

शेतात, वाड्यात काम करायचं असेल तर काळ्या मातीवर नुसता जॅक उभा करू नका. खाली जाड लाकडी फळी घ्या. वीट आणि दगड नकोच, वीट भाराखाली इशारा न देता फुटते. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, चासीखाली घोडी (पक्का स्टँड) ठेवा. फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जायचं नाही.

पुढे लावलेला जाड लोखंडी गार्डही काढून टाका. त्याचं वजन रोज पुढच्या कमानीवर असतं, आणि असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध आहेत, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ च्या डिसेंबरातच राज्यांना कळवलं होतं.

उचलल्यावर विसरायची नाहीत अशी कामं

चाक पूर्ण लोंबवून ब्रेकचा रबरी होज ताणला जात नाही ना, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून तो कुठे घासत नाही ना, हे पाहा. उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात, म्हणून अलाइनमेंट त्याच आठवड्यात करून घ्या. हेडलाइटही खाली करा. नाक उचललेल्या गाडीचा उजेड समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत जातो, आणि रात्री जिनिंगला जाणाऱ्या रस्त्यावर कापूस घेऊन निघालेली बैलगाडीही असते.

काढलेले यू-बोल्ट परत वापरू नका, ते ताणलेले असतात. नवे बोल्ट आडवे-तिरपे, थोडे थोडे करून आवळा. पहिल्या दोन-तीन खेपा झाल्या की पुन्हा आवळा, कारण पट्टे एकमेकांवर बसल्यावर बोल्ट सैल होतात. त्याच वेळी चाकापासून फेंडरपर्यंतचं माप पुन्हा घ्या आणि पहिल्या आकड्याशी ताडून बघा. एकच बाजू खाली गेली असेल तर कमानीत खर्च न करता चासी आणि ब्रॅकेट उघडून दाखवायला सांगा.