प्राणिप्लवक मोजताना या चुका टाळा

“तळ्यात रोटिफर नाहीत” हे वाक्य नवशिक्यांच्या वह्यांत इतक्या वेळा वाचले आहे की, आता मी आधी त्यांची जाळी पाहायला मागतो. रोटिफर म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांपैकी, म्हणजे प्राणिप्लवकांपैकी एक गट; त्यांतले बहुतेक अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतात. २०० मायक्रॉन छिद्रांच्या जाळीत डॅफ्निया (पाणपिसवा) आणि मोठे कोपेपॉड हे बारीक कवचधारी प्राणी अडकतात, रोटिफर मात्र बहुतांशी पाण्याबरोबर निसटतात. मी स्वतः सुरुवातीला सलग आठ महिने अशीच जाळी ओढली आणि त्या तळ्यातील माशांच्या नवजात पिल्लांना खाद्य मिळत नसावे, असा निष्कर्षही लिहून मोकळा झालो. पुढे टेबलावर राहून गेलेल्या, न गाळलेल्या पाण्याचा एक थेंब सहज सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर त्यात डोक्यावरची रोमांची चक्रे फिरवत ब्रॅकिओनस या प्रकारचे तीन रोटिफर पोहत होते. जीवाणू आणि बारीक शैवाल खाऊन ते अन्न पिल्लांपर्यंत पोहोचवणारी कडीच मी आठ महिने जाळीतून सोडून देत होतो.

तेव्हापासून मी ५० मायक्रॉनची जाळी वापरतो आणि जोडीला एक लिटर न गाळलेले पाणी ल्यूगॉलचे आयोडीन द्रावण घालून दिवसभर निवळत ठेवतो, म्हणजे त्यातले जीव तळाशी बसतात. बारीक जाळी घाईने ओढली की पाणी तिच्या तोंडातूनच परत बाहेर ढकलले जाते आणि प्लवकही त्याबरोबर जातात; ज्यांना हे काम पाच मिनिटांत उरकायचे असते, त्यांच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

काट्यांवरून जाती वाढवू नका. अ‍ॅस्प्लांक्ना हा शिकारी रोटिफर पाण्यात असला की, त्याने सोडलेल्या रसायनामुळे ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरसच्या पुढच्या पिढीला मागच्या बाजूने लांब काटे येतात, आणि उतावीळ निरीक्षक एकाच जातीच्या दोन जाती करून ठेवतो. काटेरी नमुना दिसला की मी आधी अ‍ॅस्प्लांक्ना शोधतो.

नमुना टिकवण्यासाठी डॅफ्निया नुसत्या साध्या फॉर्मॅलिनमध्ये टाकल्यास कवच फुगते आणि अंडी गळतात, म्हणून चार टक्के फॉर्मॅलिनमध्ये लिटरमागे ४० ग्रॅम साखर घालावी. कोपेपॉडचे नॉप्लियस डिंभ (अंड्यातून निघालेली, प्रौढांहून वेगळी दिसणारी पिल्ले) वेगळी जात म्हणून मोजू नयेत.

भर दुपारी फक्त पृष्ठभागाचे पाणी घेऊन डॅफ्निया विरळ असल्याचे लिहू नये; मासे असलेल्या खोल तळ्यात ती दिवसा बहुधा खाली असते आणि शैवाल खायला रात्री वर येते.