फुगडी अर्ध्यावर सोडावी लागते? व्यायामातल्या या चुका टाळा

गौरी जेवल्या त्या रात्री आमच्या पडवीत फुगडी रंगली होती. शेजारची वहिनी तिसऱ्या फेरीलाच हात सोडून बाजूला झाली आणि "चक्कर येते" म्हणाली. चक्कर कसली! दुसऱ्या बाळंतपणानंतर मलाही अशीच 'चक्कर' यायची, म्हणून लगेच ओळखली.

शिंक, खोकला, उडी, भरलेली कळशी. पोटावर जोर आला की लघवीचे थेंब सुटतात. सासूबाईंना विचारलं तर "सगळ्यांचाच होता गो" म्हणतात. होतं खरं बऱ्याच जणींचं, पण म्हणून ते सोसत बसायचं कारण नाही. मूत्राशयाला खालून आधार देणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ढिले पडलेले असतात आणि व्यायामाने ते पुन्हा बळकट होतात. फक्त तो व्यायाम चुकीचा केला तर महिने फुकट जातात. माझे दोन गेले, आता कुडाळात बायकांचा व्यायामवर्ग घेते म्हणून सांगते.

संडासात बसून सराव

माझी चूक हीच. लघवी मध्येच थांबवायची, पुन्हा सोडायची, पुन्हा थांबवायची. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली तळाच्या स्नायूंचा व्यायाम मांडला. त्यांच्या नावाने तो आज घरोघरी पोचला, पण पोचता पोचता त्याचा हा असा अवतार झाला. धार थांबवणं ही फार तर कुठला स्नायू ते कळण्यापुरती, एखाद्या वेळची खूण. रोज तेच केलं तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही, आणि मागे राहिलेली लघवी म्हणजे जंतुसंसर्गाला आवतण.

सगळं आवळतं, नेमकं तेच राहतं

वर्गात नवीन बाईला "आवळा" म्हटलं की ती कुल्ले आवळते, मांड्या जुळवते, पोट आत ओढते आणि श्वास कोंडते. काही जणी तर शौचाला बसल्यासारखा खाली जोर देतात. हे सगळ्यात वाईट, कारण ज्या स्नायूंना वर उचलायचं तेच खाली ढकलले जातात.

मी असं शिकवते. चटईवर उताणं झोपायचं, गुडघे वाकवलेले, एक हात पोटावर. चारचौघांत वारा सुटू नये म्हणून आपण जसं मागून आवळतो तसं आवळायचं आणि तीच ओढ पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणून आत, वर उचलायची. पोटावरचा हात फारसा हलता कामा नये. तोंडाने एक ते पाच मोजायचं, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. मग पूर्ण सैल सोडायचं, जितका वेळ आवळलं निदान तितकाच वेळ. सैल सोडणं बहुतेक जणी गाळतात. सतत आखडलेला स्नायू थकतो आणि ऐन शिंकेच्या वेळी कामाला येत नाही. आवळल्यावर दुखतंय, लघवी सुरू व्हायला वेळ लागतोय, संबंधाच्या वेळी त्रास होतोय, अशी बाई आवळण्यापेक्षा सोडायला शिकली पाहिजे; तिने आधी फिजिओथेरपिस्ट गाठावा.

पिलाटीसची उडी थेट शेवटच्या पायरीवर

जोसेफ पिलाटीस जर्मनीत जन्मले आणि पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या छावणीत स्थानबद्ध असताना त्यांनी ही व्यायामाची पद्धत घडवली. श्वासाला हालचालीची जोड हा तिचा गाभा, आणि आपल्या कामाचा तोच. जोर लावताना श्वास सोडायचा. पण मोबाईलवर बघून बायका सुरुवातच करतात ती 'हंड्रेड'ने, म्हणजे डोकं आणि पाय उचलून हात शंभर वेळा हलवायचे. तळ कमकुवत असताना पोटातला दाब सगळा खाली येतो. पोटाच्या मधोमध होडीच्या टोकासारखा उंचवटा दिसला तर तो व्यायाम तुमच्यासाठी अजून नाही. पाठीवर झोपून कंबर उचलणं, एकेक टाच सरकवणं, रांगत्या स्थितीत एक हात पुढे करणं, एवढं आधी पुरे. आणि पिलाटीस ही जोड आहे, तळाच्या व्यायामाला पर्याय नव्हे.

पाणीच प्यायचं नाही

लावणीच्या दिवसांत मळ्यात आडोसा नसतो, एसटी स्टँडवरच्या संडासाबद्दल तर न बोललेलं बरं. म्हणून बायका सकाळपासून घोटभर पाण्यावर राहतात. दाट लघवी मूत्राशयाला जास्त चुरचुरते, शिवाय मल घट्ट होतो आणि कुंथण्याने तळ आणखी ढिला पडतो. याच्या उलट चूक म्हणजे घराबाहेर पडताना दर वेळी 'जाऊन येते'. थोडंसं साठलं की रिकामं करायची सवय लागली की मूत्राशयही थोड्यावरच ओरडायला लागतं. त्यातून अचानक कळ येऊन दारापर्यंत पोचेस्तोवर सुटतं तो प्रकार वेगळा; त्यात लघवीमधलं अंतर हळूहळू वाढवायचं असतं आणि चहा कमी करावा लागतो.

पंधरा दिवसांत कंटाळा

ब्रिटनमधल्या आरोग्य मार्गदर्शनात खोकता-शिंकताना सुटणाऱ्या लघवीसाठी निदान तीन महिने, दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी किमान आठदा आवळणं सांगितलंय. भात शिजेपर्यंत एक पाळी सहज होते. आणि नुसतं चटईवर नको. विहिरीवर कळशी उचलायच्या आधी आवळायचं, श्वास सोडत उचलायचं. शिंक येतेय कळलं की त्याआधीही आवळायचं.

लघवीत रक्त, जळजळ, ताप, लघवी अडणं, अंग बाहेर आल्यासारखं वाटणं, किंवा पायात अचानक बधिरपणा असेल तर व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा.

वहिनीचा आता आठवा आठवडा. परवा मासळीबाजारात भेटली तेव्हा हळूच विचारलं. "अर्ध्यावर ईला," म्हणाली, आणि बांगड्यांचा वाटा पारखायला लागली.