पहिलं बाळंतपण माहेरी? नवव्या महिन्यातल्या या चुका टाळा

आपल्याकडे खान्देशात पहिलं बाळंतपण माहेरी हे ठरलेलंच असतं. पोरगी सुरतला दिलेली असो, पुण्याला असो की कल्याणला, सातव्यात ओटी भरून झाली की मायबाप न्यायला येतात. त्यात वाईट काहीच नाही, शेवटच्या दिवसांत माय जवळ असली की निम्मी भीती तिथंच जाते. गडबड वेगळीच होते. पोरगी येते अमळनेरला आणि तिची फाईल राहते सुरतच्या उधन्यातल्या कपाटात. मग रात्री दोनला कळा सुरू झाल्या की नवीन दवाखान्यात विचारतात ब्लड ग्रुप काय, बीपी किती असायचं, पहिली सोनोग्राफी कुठंय, आणि सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

मी डॉक्टर नाही, पण घरात, गल्लीत आणि नात्यात ज्या चुका पुन्हा पुन्हा होताना दिसतात त्या लिहून ठेवते.

फाईल सासरी, पोट माहेरी

माहेरी यायचंच असेल तर नववा लागायची वाट बघू नका. डॉक्टरांना विचारून ३४-३५ आठवड्यांच्या आत या, आणि आल्यावर दोन-चार दिवसांत जिथं बाळंतपण करायचंय तिथं जाऊन नाव नोंदवा. सरकारी असो की खाजगी, त्या डॉक्टरांनी तुम्हाला एकदा तरी आधी तपासलेलं पाहिजे. गावातल्या आशाताईंना पण सांगा, त्यांना कळलं की निम्मी कामं त्याच करून देतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, आल्या आल्या तिथं गेलात तरी चालतं. प्रवास एसटीच्या मागच्या सीटवर नको, सुरत-भुसावळ लाईनवर रेल्वेनं या, रिझर्व्हेशनमध्ये गरोदर बाईला खालच्या बर्थचा कोटा असतो, लोकांना माहितीच नसतं.

सोबत काय आणायचं? माता-बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफी (विशेष करून पहिली), रक्ताचे रिपोर्ट, आधार, बँकेचं पासबुक. सगळ्याचे फोटो मोबाईलमध्ये, आणि नवऱ्याच्या मोबाईलमध्ये पण. आईचा ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर हे सगळ्यात आधी सांगायचं. अशा बायांना अँटी-डी इंजेक्शन साधारण २८ व्या आठवड्यात देतात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा, आणि निगेटिव्ह रक्त आयत्या वेळी मिळायला त्रास होतो. नंदुरबारकडच्या, सातपुड्यातल्या घरांत सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) बऱ्याच जणांना असतो, तो रिपोर्ट असेल तर तोही दाखवा आणि तपासणी झालीच नसेल तर करून घ्या.

तारीख कोणती खरी?

तीन सोनोग्राफीत तीन तारखा असतात आणि घरात त्यावरून वाद. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख जास्त भरवशाची, कारण तेव्हा सगळी बाळं जवळपास सारख्या मापानं वाढतात, नंतर कोणी अंगानं थोराड, कोणी बारीक, मग मशीन त्या मापावरून तारीख पुढे-मागे दाखवतं. शेवटच्या सोनोग्राफीवरून "अजून पंधरा दिवस आहेत" म्हणून निवांत बसू नका. बरोबर तारखेलाच बाळंत होणाऱ्या बाया शंभरात चार-पाचच असतात, ३७ आठवडे झाले की तयारीत राहायचं. आणि तारीख उलटली तर "पहिलटकरीण आहे, लांबतं" असं म्हणत घरी थांबायचं नाही, तपासणीला जायचं. ४१ आठवड्यांच्या आसपास डॉक्टर बहुतेक कळा सुरू करायचा विचार करतात.

ऊन लागलं म्हणून सोडून दिलं

ही चूक सगळ्यात धोक्याची वाटते म्हणून जरा जास्त लिहिते. एप्रिल-मे म्हणजे आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) दिवस, माहेरवाशिणींनी घर भरलेलं, गच्चीवर बिबडे-पापड चाललेले, आणि जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ ला. अशात नवव्या महिन्यातली पोर म्हणते डोकं दुखतंय. घरातलं उत्तर तयार असतं, ऊन लागलं असेल, कांदा लाव, झोप. म्हणते छातीखाली दुखतंय, तर काल भरीत खाल्लं, ठेचा खाल्ला, पित्त झालं असेल. पाय सुजले तर काय, शेवटी सुजतातच.

आता पाय संध्याकाळी थोडे सुजणं खरंच नेहमीचं आहे. पण न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगडीखाली दुखणं, सकाळी उठल्यावरच तोंड आणि हात सुजलेले, यातलं एक जरी असलं तरी ते बीपी वाढल्याचं लक्षण असू शकतं. बीपी १४०/९० किंवा वर गेलं की त्यात झटके येण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते, आणि ते आईला आणि बाळाला दोघांनाही भारी पडतं. नुसतं बघून ऊन कुठलं आणि बीपी कुठलं हे कोणालाच सांगता येत नाही, आजीला नाही, मला नाही. मशीन लावल्यावरच कळतं. म्हणून आधी बीपी मोजा, मग कांदा लावा. उपकेंद्रावरच्या सिस्टर बीपी मोजून देतात, पण डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा डोकं थांबतच नसेल तर त्यांच्यासाठी पण थांबू नका, सरळ दवाखाना.

सूज आहे म्हणून पाणी कमी करणं हा अजून एक उलटा प्रकार. पाणी कमी पडलं की पोट कडक व्हायला लागतं, लघवीला जळजळ होते, आणि मग त्याच कळा समजून धावपळ. ताक, लिंबू सरबत, साधं पाणी, दिवसभर थोडं थोडं चालू ठेवा. लघवी गडद पिवळी दिसली की कमी पडतंय समजा. दुपारी अकरा ते चार बाहेर नको, पापडाच्या गच्चीवर तर नकोच. कूलरपुढची फरशी ओली असते, तिथं पाय घसरतो, पायपुसणं टाका. आणि लाईट जाते हे धरूनच चाला.

खाण्याचं पण सांगते. "कमी खा, बाळ मोठं झालं तर सिझर होईल" हे ऐकू नका, त्यानं बाळ कमी वजनाचं होतं आणि आईच्या अंगात ताकद राहत नाही. कळण्याची भाकर, डाळ, पालेभाजी, केळी, जे पचतं ते थोडं थोडं पण चार-पाच वेळा. लोहाची गोळी चहा-दुधासोबत घेतली तर नीट लागत नाही, लिंबूपाण्यासोबत घ्या, कॅल्शियमची वेगळ्या वेळी. शी काळी होते ते गोळीमुळं, बाळ काळं होत नाही त्यानं.

"शेवटी बाळ हलत नाही"

साफ चूक. जागा कमी होते म्हणून हालचालीचा प्रकार बदलतो, जोरात लाथ मारण्यापेक्षा सरकल्यासारखं, ढकलल्यासारखं वाटतं, पण हालचाल कमी व्हायला नको. शंका आली की काहीतरी खा, डाव्या कुशीवर शांत पडा, मोबाईल बाजूला ठेवा आणि मोजा. दोन तासांत दहा हालचाली झाल्या तर ठीक. नाही झाल्या किंवा रोजच्यापेक्षा कमी वाटलं तर त्याच दिवशी दवाखाना, उद्या सकाळी बघू असं नाही. अजिबातच हलत नसेल तर मोजत पण बसू नका, निघा. दहादा जाऊन दहादा "सगळं ठीक आहे" ऐकून परत आलात तरी लाजायचं काही कारण नाही, तो त्यांचा कामाचाच भाग आहे. झोपताना कुशीवर झोपा, उताणं नको.

कळा खऱ्या की खोट्या, आणि निघायचं कधी

खोट्या कळा येतात-जातात, कुस बदलली, पाणी प्यायलं, चाललं की कमी होतात. खऱ्या थांबत नाहीत, जवळ जवळ येतात, जोर वाढतो, बऱ्याचदा कंबरेतून पुढे येतात. पुस्तकातला नियम असा की दर पाच मिनिटांनी, एक मिनिटभर टिकणारी, असं तासभर चाललं की निघायचं. पण हा नियम दवाखाना गल्लीत असलेल्यांसाठी आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर, किंवा चोपडा-रावेरच्या आडगावात असाल तर कळा नियमित व्हायला लागल्या की निघायचं. दुसरेपण असेल तर अजून लवकर, दुसरं बाळंतपण बऱ्याचदा झपाट्यानं होतं. पावसाळ्यात नाल्याला पूर येणारं गाव असेल तर दिवस भरायच्या आधीच दवाखान्याजवळच्या नातेवाईकाकडे राहायला जा. आदिवासी भागात काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेर घर आहे, तिथं बाळंतपणाआधी काही दिवस राहता येतं, आशाताईंना विचारा.

गाडीचं आधी ठरवा. १०२ ही गरोदर बाया आणि तान्ह्या बाळांसाठी, १०८ इमर्जन्सीला, दोन्ही मोफत. तरी गावातल्या एका गाडीवाल्याला सांगून ठेवा, आणि तो नसला तर दुसरा कोण हेही.

बाळाभोवतीचं पाणी गेलं तर कळा नसल्या तरी जायचं. उन्हाळ्यात घाम की लघवी की पाणी, समजत नाही, अशा वेळी स्वच्छ पॅड लावून थोडा वेळ पडा, उठल्यावर परत ओघळलं, लघवीचा वास नाही, तर पाणीच समजा. हिरवट किंवा तपकिरी असेल तर पॅड-बिड काही बघू नका, लगेच निघा, बाळानं पोटात शी केलेली असू शकते. कळांच्या आसपास थोडा रक्ताचा धागा असलेला चिकट स्राव चालतो, पाळीसारखं रक्त गेलं तर एक मिनिट थांबायचं नाही.

एरंडेल पाजून कळा आणणं बंद करा बाई, जुलाब लागतात, अंगातलं पाणी जातं आणि कळा येतीलच असं पण नाही. आणि घरी बोलावून कळा वाढवायचं इंजेक्शन घेणं तर अजिबात नको, त्यात बाळाचा प्राणवायू कमी पडू शकतो, गर्भपिशवी फाटू शकते, ते औषध दवाखान्यात ठोके बघत बघत द्यायचं असतं.

सिझरचं थोडक्यात. नाळेचा वेढा रिपोर्टमध्ये दिसला म्हणून लगेच घाबरू नका, तो खूप बाळांना असतो आणि बरीचशी नॉर्मल होतात. उलट डॉक्टर सिझर सांगतायत आणि घरचे "अजून वाट बघू" म्हणून सही अडवून बसतात, तेही नको, कारण विचारा आणि निर्णय घ्या. मुहूर्त बघून ३९ आठवड्यांच्या आत सिझर करून घेण्याची जी नवीन टूम आलीय त्यात बाळाला श्वासाचा त्रास व्हायची शक्यता वाढते.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि घरी सोडायची गाडी हे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, २०११ पासून. कोणी पैसे मागितले तर पावती मागा.

बाळ आल्यावरच्या दोन गोष्टी

पहिल्या तासात बाळाला अंगावर घ्या, तो पिवळा घट्ट चीक फेकायचा नसतो. मध नको, घुटी नको, गुळाचं पाणी नको. आणि मे महिना असला तरी सहा महिने वरचं पाणी पण नको, आईच्या दुधात पाणी पुरेसं असतं, आईनं स्वतः जास्त प्यायचं. उन्हाळ्यात स्वेटर-टोपरं घालून उकडवू नका, कूलरच्या थेट झोतात पण ठेवू नका.

दुसरी गोष्ट कागदाची. जन्माची नोंद बाळ जिथं जन्मलं तिथंच होते, सासरच्या गावी नाही, आणि ती २१ दिवसांत व्हायला हवी. दवाखान्यात भरती करताना गडबडीत कोणी माहेरचं आडनाव सांगतं, कोणी नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग वेगळंच, आणि मग सुरतला परत गेल्यावर एका अक्षरासाठी अमळनेरच्या चकरा. फॉर्मवर सही करायच्या आधी आई-बापाची नावं आधारशी जुळवून बघा. बाळाचं नाव ठरलेलं नसेल तर तो रकाना रिकामा ठेवून पण नोंद होते, नाव वर्षभरात पैसे न भरता टाकता येतं.