फिल्टरमध्ये एक टिक केली की बाकी सगळीकडे शून्य? मोजणी अशी करा

पुस्तकविक्रीच्या साइटवर विषयात ‘चरित्र’ टिक केलं की ‘कादंबरी’, ‘प्रवासवर्णन’ सगळ्यांपुढे (०) येतो. बघणाऱ्याला वाटतं दुकानात दुसरं काही नाहीच, आणि तो निघून जातो.

उपाय सोपा आहे: ज्या गटाचे (विषय, भाषा, किंमत असा एकेक गट) आकडे काढायचे, त्या गटाची स्वतःची निवड तेवढ्यापुरती बाजूला ठेवा.

१. एकाच गटातल्या निवडी ‘किंवा’ने जोडा, वेगवेगळे गट ‘आणि’ने.
२. ‘विषय’पुढचे आकडे मोजताना भाषा, किंमत, प्रकाशक हे सगळे फिल्टर लावा, विषयाचा मात्र नको. ‘भाषा’ मोजताना भाषेचा वगळा. असंच प्रत्येक गटाला.
३. निकालांच्या यादीला मात्र सगळे फिल्टर लागलेच पाहिजेत.

इलॅस्टिकसर्च (साइटवरचा शोध चालवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर यासाठी ‘पोस्ट फिल्टर’ची सोय आहे: तो आकडे मोजून झाल्यावर फक्त यादीला लागतो. एकापेक्षा जास्त गट असतील तर प्रत्येक गटाच्या मोजणीला बाकीच्या गटांचे फिल्टर वेगळे द्यावे लागतात. थोडं किचकट, पण एकदाच करायचं काम.

एवढं करूनही शून्य राहिलेला पर्याय फिका करा, गायब करू नका. टिक करता करता यादी वरखाली उड्या मारायला लागली की बोट भलतीकडेच पडतं, मोबाइलवर तर हमखास.

एक सांभाळा: हॉटेलच्या सुविधांसारख्या गटात ‘पार्किंग’ आणि ‘लिफ्ट’ दोन्ही हवं असतं. तिथे ‘आणि’ चालतं, म्हणून त्या गटाची निवड वगळायची नाही. नाहीतर आकडा मोठा दिसेल आणि यादी छोटी निघेल.