रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचे वाद हाताळताना या चुका टाळा

वॉर्डात दोन कर्मचाऱ्यांमध्ये खटका उडाला की 'त्या दोघांचे मुळातच पटत नाही' असे म्हणून इन्चार्ज मोकळे होतात. सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, कारण वादाचे खापर एकदा स्वभावावर फोडले की कामाची घडी कुठे विस्कटली आहे हे तपासण्याची गरजच कोणाला वाटत नाही.

एक नेहमीचा प्रसंग पाहा. राउंडमध्ये जाता जाता सांगितलेली रक्ततपासणी दुपारपर्यंत झालेली नसते. निवासी डॉक्टर म्हणतात, "मी सिस्टरना सांगितले होते". सिस्टर म्हणतात, "केसपेपरवर काहीच लिहिलेले नाही". आणि रिकामी ट्यूब ट्रेमध्ये तशीच पडलेली असते. अशा वेळी कोण चढ्या आवाजात बोलले याची चौकशी आधी सुरू होते. वास्तविक तोंडी सूचना कोणी लिहून ठेवायची आणि ऐकणाऱ्याने ती पुन्हा उच्चारून खात्री करून घ्यायची की नाही, हे ठरलेले होते का, हा पहिला प्रश्न असायला हवा. ते ठरलेले नसेल, तर माणसे बदलली तरी भांडण तेच राहते.

ज्येष्ठ डॉक्टरांच्या अपमानास्पद बोलण्यावर 'सोडून द्या, कामाला हुशार आहेत' असा सल्ला देणे ही दुसरी मोठी चूक. असे वागणे थेट रुग्णाच्या सुरक्षिततेला बाधा आणते, असा इशारा अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने 2008 मध्येच दिला होता; कारण ओरडा खाल्लेली परिचारिका पुढच्या वेळी औषधाच्या मात्रेबद्दल शंका आली तरी विचारायला कचरते. आरोग्य कर्मचाऱ्यांना संघ म्हणून काम करायला शिकवणाऱ्या तेथील 'टीमस्टेप्स' प्रशिक्षणात शंका किमान दोनदा स्पष्टपणे मांडावी आणि तरीही दखल घेतली नाही तर वरिष्ठांकडे जावे, असे शिकवतात. शिवीगाळ किंवा छळ असेल तेथे मात्र समेटाचा आग्रह धरू नये. रीतसर तक्रारीचा मार्गच खुला करून द्यावा.

रोस्टरवरून होणाऱ्या तंट्यात घाईघाईने मधला मार्ग काढला जातो. दोघींना एकाच दिवशी सुटी हवी असेल, तर दोघींना अर्धा-अर्धा दिवस देऊन कोणाचेच भागत नाही. सुटी कशासाठी हवी, हे प्रत्येकीला वेगवेगळे विचारले, तर एकीला प्रवासासाठी पूर्ण दिवस हवा आहे आणि दुसरीला केवळ संध्याकाळ मोकळी हवी आहे, असे निघू शकते. मग दुसरीला सकाळची ड्युटी दिली की प्रश्न मिटतो. 'काय हवे' एवढेच ऐकून निवाडा देणारे इन्चार्ज हा पर्याय हातचा घालवतात.

रुग्ण किंवा नातेवाईक यांच्यासमोर कर्मचाऱ्याला झापू नये, हे वेगळे सांगायला नको. मेमोचे तसे नाही, कारण तो शिस्तीचा भाग वाटतो. अनवधानाने झालेली चूक, सवयीने घेतलेला धोका आणि जाणूनबुजून केलेली बेपर्वाई या तिन्हींना एकच मेमो दिला, तर लोक चुका कळवणेच बंद करतात. पहिल्या प्रकारात धीर द्यावा, दुसऱ्यात समज द्यावी आणि कारवाई तिसऱ्यासाठी राखून ठेवावी.

एवढे करूनही तेच वाद पुन्हा पुन्हा उद्भवत असतील, तर कोणत्या ड्युटीला किती रुग्णांमागे किती कर्मचारी होते, याची नोंद तारखेसह ठेवून ती प्रशासनाकडे लेखी पाठवावी. मनुष्यबळच अपुरे असेल, तर समुपदेशनाच्या बैठका घेऊन ते वाढत नाही.