जी. आय. जो (१९९२) आर्केड: या चुका टाळा

कोनामीचा 'जी. आय. जो' हा १९९२ सालचा आर्केड खेळ, म्हणजे नाणं टाकून मशीनवर खेळायचा. ड्यूक, स्कार्लेट, रोडब्लॉक आणि स्नेक आइज या चौघांपैकी एक निवडायचा, त्याला पाठमोरा बघत पडद्याच्या आत आत न्यायचं आणि समोरून येणाऱ्या कोब्रा या दुष्ट संघटनेच्या फौजेला झोडपत जायचं. मशीनला चार जण एकत्र उभे राहू शकतात. त्याच चार-पाच वर्षांत कोनामीनं 'टीनएज म्युटंट निन्जा टर्टल्स', 'द सिम्पसन्स', 'एक्स-मेन' असे कार्टूनवरचे एकाहून एक सरस खेळ काढले. त्यांच्या गर्दीत हा मागे पडला. माझ्या मते हा त्यांच्याइतकाच मन लावून बनवलेला आहे. आज तो पहिल्यांदा खेळणारे मात्र दहा मिनिटांत वैतागून सोडतात. तक्रारी ठरलेल्या असतात: निशाणा लागत नाही, कुठूनही मार बसतो, नाहीतर मुळात सुरूच होत नाही. यांतल्या बहुतेक तक्रारींवर उपाय आहे.

आधी खेळ तोच आहे ना, ते बघा

जी. आय. जो या नावाचे खेळ बरेच आहेत. १९८५ मध्ये एपिक्सचा कमोडोर ६४ साठी आला, १९९१ मध्ये टॅक्सनचा निन्टेन्डोच्या आठ-बिट मशीनसाठी, १९९२ मध्ये कॅपकॉमचा 'द अटलांटिस फॅक्टर' त्याच मशीनवर, आणि २०२४ मध्ये हाणामारीचा 'रॅथ ऑफ कोब्रा'. निन्टेन्डोवरचे दोन्ही आणि २०२४ चा खेळ बाजूनं दिसणारे आहेत, तिथे आपण डावीकडून उजवीकडे चालतो. त्यांच्या युक्त्या इथे लावल्या तर काहीच जुळत नाही. तुमचा नायक तुमच्याकडे पाठ करून उभा असेल आणि शत्रू लांबून लहानाचे मोठे होत येत असतील, तरच तो कोनामीचा आर्केड. त्या काळी तो घरच्या कन्सोलवर आलाच नाही, त्यामुळे 'लहानपणी घरी खेळलो होतो' अशी आठवण असेल तर ती बहुधा दुसऱ्याच खेळाची.

आपल्याकडे हे नाव पोहोचलं ते मुख्यतः खेळण्यांमुळे. अमेरिकी खेळणी कंपनी हॅस्ब्रो आणि एमआरएफ यांच्या भागीदारीतून १९८७ साली उभ्या राहिलेल्या फनस्कूलनं जी. आय. जोचे पुतळे भारतातच बनवले, आणि कंपनीचा कारखाना गोव्यात. मूळ अमेरिकी पुतळ्यांपेक्षा वेगळ्या रंगांत निघालेले ते पुतळे आज परदेशातले संग्राहकही शोधत असतात. पण खेळण्याच्या पाकिटावर वाचलेली प्रत्येकाची खासियत डोक्यात ठेवून आर्केडमध्ये पात्र निवडू नका. इथे चौघांचंही काम एकच, नेमबाजी. जो आवडतो तो घ्या.

सगळ्यात महाग पडणारी चूक: याला बंदुकीचा खेळ समजणं

'ऑपरेशन वुल्फ'सारख्या खेळात बंदूक मशीनलाच बसवलेली असते. तिथे फक्त नेम धरायचा, आपलं शरीर पडद्यावर नसतंच. 'जी. आय. जो'मध्ये हातात जॉयस्टिक आहे आणि तीच जॉयस्टिक निशाणाही (पडद्यावरची नेमाची खूण) हलवते आणि माणूसही. हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध्या तक्रारी संपतात.

नेमकं काय होतं ते बघा. उजवीकडे रणगाडा दिसतो. आपण जॉयस्टिक उजवीकडे रेटतो, निशाणा रणगाड्यावर जातो आणि नायकही सरकत त्याच्या तोंडासमोर जाऊन उभा राहतो. आता आपण त्याला मारतोय आणि तोही आपल्याला मारतोय. नवखा खेळाडू बटन दाबून धरतो आणि रणगाडा फुटेपर्यंत तिथेच राहतो. रणगाडा फुटतो खरा, पण तोवर लाइफ बरंच खाली आलेलं असतं. मग वाटतं की खेळ अन्याय करतो.

त्याऐवजी लक्ष्यावर थांबू नका, त्याच्यावरून जा. गोळीबार चालू ठेवून निशाणा रणगाड्यावरून पार न्या, लगेच परत आणा, पुन्हा न्या. दर फेरीत थोड्याच गोळ्या लागतील, पण त्याच्या रेषेत तुम्ही क्षणभरच असाल. हात झाडू मारल्यासारखा चालला पाहिजे. बंदुकीच्या गोळ्या संपत नाहीत, त्यामुळे चुकलेल्या गोळीचं दुःख करायचं कारण नाही.

दुसरी सवय सोडायची ती म्हणजे निशाण्याकडे टक लावून बघणं. नजर पडद्याच्या खालच्या भागावर, आपल्या माणसाच्या आसपास हवी. लांबचा सैनिक लहान दिसतो, त्याच्याकडून धोका यायला वेळ असतो. जी वस्तू भराभर मोठी होते आहे ती तुमच्या अंगावर येते आहे, मग ते क्षेपणास्त्र असो की गाडी. आधी तिचा बंदोबस्त, मग मागच्यांचा. खोलीचा अंदाज यायला दोन-चार डाव जातातच, कारण सपाट पडद्यावर चित्रं लहान-मोठी करून ही खोली दाखवलेली आहे. अंदाज येत नसेल तर बाजूला व्हा. सरकणं फुकट आहे, मार खाणं नाही.

क्षेपणास्त्रं

यांना वेगळं बटन आहे आणि ती मोजकी मिळतात. काही जण पहिल्याच झुंडीवर सगळी उडवतात, काही जण बॉससाठी, म्हणजे स्टेजच्या शेवटच्या मोठ्या शत्रूसाठी, राखून ठेवतात आणि न वापरताच मरतात. माझ्या मते दुसरी चूक जास्त वाईट. शेवटचं थोडं लाइफ उरलं आणि समोर मोठं वाहन असेल, तर ती वेळ क्षेपणास्त्राचीच.

चौघे एकत्र खेळताना

या खेळाची खरी मजा चौघांत, आणि सगळ्यात जास्त गोंधळही तिथेच. चौघेही पडद्याच्या मध्यावर जमतात, कारण शत्रू तिथे दिसतात. मग कोणाचा निशाणा कुठला ते कळत नाही, आपण दुसऱ्याच्या माणसाला आपला समजून हलवायला जातो आणि कडेनं आलेल्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. खेळ सुरू व्हायच्या आधीच पट्टे वाटून घ्या: एक डावीकडे, एक उजवीकडे, दोघे मध्ये. कडेच्यांनी मध्ये घुसायचं नाही. पॉवर-अप (ताकद वाढवणारी वस्तू) कोणी उचलायचा हेही आधी ठरवा. ज्याचं लाइफ कमी, त्याचा हक्क पहिला. बोलत खेळा. 'डावीकडे गाडी' एवढं ओरडलं तरी शेजाऱ्याचा जीव वाचतो.

दोघेच खेळू शकत असतील आणि तिसरा-चौथा खेळाडू आत येतच नसेल, तर आधी सेटिंग बघा. मशीन किती खेळाडूंसाठी लावायचं हे डिप स्विचवर, म्हणजे बोर्डावरच्या छोट्या खटक्यांवर, ठरतं. ते दोनवर असेल तर बाकीचे कितीही बटनं दाबत बसले तरी उपयोग नाही.

मेमवर सुरूच होत नाही

आज बहुतेक जण हा खेळ मेम या एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, खेळतात. तिथल्या अडचणी वेगळ्या. आधी एक गोष्ट स्पष्ट: मेम मोफत आहे म्हणून खेळाचे रॉम (मूळ चिपमधल्या खेळाच्या फाइल्स) मोफत होत नाहीत, त्यांचे हक्क अजून मालकांकडेच आहेत.

'फाइल्स मिळत नाहीत' असा संदेश आला तर कारण बहुधा या तिघांपैकी एक. झिप फाइल उघडून आतल्या फाइल्स बाहेर काढलेल्या असतात (झिप तशीच राहू द्यायची). किंवा रॉमचा संच एका आवृत्तीचा आणि मेम दुसऱ्या आवृत्तीचं असतं. किंवा हातात फक्त अमेरिकी, जपानी वा आशियाई प्रत असते आणि ती ज्या मूळ संचावर अवलंबून आहे तो नसतो. खेळाचं नाव यादीत दिसतं म्हणजे तो पूर्ण आहे, असं धरू नका.

खेळ उघडला पण पुढे जात नाही? नाण्यासाठी ५ आणि सुरू करण्यासाठी १. हे आकडे कीबोर्डच्या वरच्या ओळीतले, उजव्या बाजूच्या नंबर पॅडवरचे नाहीत. दुसऱ्या खेळाडूसाठी ६ आणि २. गोळीबार डाव्या कंट्रोलवर आणि दुसरं बटन डाव्या आल्टवर असतं. हा आल्ट विंडोजमध्ये घात करतो: ऐन लढाईत आल्टबरोबर स्पेस किंवा टॅब दाबली गेली की खिडकीचा मेनू उघडतो किंवा खेळ मागे जातो. टॅब दाबून मेममधली मांडणी उघडा आणि ते बटन दुसरीकडे न्या.

एकाच कीबोर्डवर दोघे खेळत असाल आणि मधूनच एकाचा माणूस हलायचा थांबत असेल, तर खेळ बिघडलेला नाही. साधे कीबोर्ड एका वेळी ठरावीकच जुळण्या ओळखतात, उरलेल्या कळा गिळतात. एकाला स्वस्तातला यूएसबी जॉयपॅड द्या, प्रश्न मिटला. एरवीही हा खेळ बाणांच्या कळांपेक्षा जॉयस्टिकवर कितीतरी मोकळा वाटतो, कारण ते सतत मागेपुढे झाडणं बोटांना झेपत नाही.

आवाज तुटत असेल किंवा खेळ भरधाव पळत असेल तर एफ १० चुकून दबलंय का बघा, त्यानं वेगाचं बंधन सुटतं. आणि सेटिंग बदलून काहीतरी विचित्र झालं असेल तर मेमच्या एनव्हीरॅम फोल्डरमधला या खेळाचा भाग काढून टाका, मूळ सेटिंग परत येतं.

खरं मशीन किंवा त्यातला सर्किट बोर्ड असेल तर

कोनामीच्या त्या काळच्या बोर्डांवर बरीचशी सेटिंगं ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणारी, पुन्हा लिहिता येणारी चिप) साठतात. सुरू होतानाच चाचणीत अडकून बोर्ड पुढे जात नसेल तर टेस्ट स्विच दाबून धरून वीज चालू करा, साठवण नव्यानं लिहिली जाते. चिप बदलायच्या आधी हे करून पाहा. त्याहीआधी पाच व्होल्टचा पुरवठा प्रत्यक्ष बोर्डाच्या कडेवर मीटर लावून मोजा. पॉवर सप्लायवर पाच दिसतात आणि जुन्या वायरीतून बोर्डापर्यंत पोहोचताना कमी होतात, मग खेळ मध्येच रिसेट होतो. तिसऱ्या-चौथ्या खेळाडूची बटनं चालत नसतील तर जामाची (आर्केड बोर्डांची ठरावीक जोडणी) मुख्य पट्टी तपासत बसू नका, त्यांच्या तारा वेगळ्या कनेक्टरवरून येतात.

अमेरिकेतून आणलेलं अख्खं कॅबिनेट आपल्याकडच्या २३० व्होल्टला थेट लावू नका. आतला पॉवर सप्लाय आणि मॉनिटर कोणत्या व्होल्टेजचे आहेत ते पट्टीवर वाचा, ११० चे असतील तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. जपानहून आलेलं १०० व्होल्टचं असतं, त्याला ११० चा ट्रान्सफॉर्मर चालवून घेऊ नका.

शेवटची चूक, नाण्यांची

मेमवर ५ दाबत राहिलं की नाणी अमर्याद. बहुतेक जण तशी ओतत ओतत शेवटपर्यंत जातात आणि म्हणतात, खेळ तासाभराचा होता, त्यात काही नाही. पण मेलं की उठून पुढे जाता येत असेल तर त्या रणगाड्यासमोरून सरकायची गरजच पडत नाही, आणि सरकणं हाच तर खेळ आहे. स्वतःला तीन नाणी द्या. संपली की पहिल्या स्टेजपासून पुन्हा.